उन्हाळ्यात टेक्सासवरून छोटं विमान उडवायचंय, तर वेदरची तयारी अशी करा

आदल्या रात्रीच आयपॅड आणि एडीएस-बी रिसीव्हर (उडताना रेडिओवरून हवामानाची माहिती घेऊन आयपॅडच्या मॅपवर दाखवणारं छोटं यंत्र) दोन्ही चार्जिंगला लावा, पॉवर बँक बॅगेत टाका, कारण जूनच्या उन्हात आयपॅड काचेखाली ठेवला की तापून बंद पडतो आणि काळ्या स्क्रीनवर नुसतं थर्मामीटरचं चित्र दिसतं, त्यामुळे तो सावलीतच लावा. शक्यतो सकाळी सातला निघा, ढग दुपारनंतर फुगतात. निघायच्या आधी फ्लाइट सर्व्हिसचं (पायलटना हवामान सांगणारी सरकारी सेवा) ब्रीफिंग घ्या आणि वायफायवर रडार डाउनलोड करून ठेवा, कारण एडीएस-बीचं वेदर जमिनीवरच्या टॉवरवरून येतं, पार्किंगमध्ये उभं असताना बऱ्याचदा काहीच येत नाही आणि कोरा मॅप म्हणजे आभाळ साफ असा समज होतो, तो करून घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅपच्या कोपऱ्यात 4 मिनिटं, 6 मिनिटं असं लिहिलेलं असतं ना, ते अनेक रडारची चित्रं जोडून एक चित्र तयार झाल्याचं वय आहे, रडारने प्रत्यक्ष ढग बघितल्याचं नाही. एनटीएसबीने (अमेरिकेतली अपघात तपास संस्था) 2012 मध्येच सांगितलंय की क्वचित हा फरक आणखी 15 ते 20 मिनिटांचा असू शकतो. आता ढग 30 नॉट्सने (तासाला 30 नॉटिकल मैल) सरकत असेल तर 20 मिनिटांत 10 नॉटिकल मैल गेला, म्हणजे स्क्रीनवर तुम्हाला दिसणारी दोन ढगांमधली फट कधीच बुजलेली असू शकते. मोठ्या वादळापासून किमान 20 मैल लांब, मग दोन वादळांच्या मधून जायचं तर 40 मैल मोकळे हवेत, नाहीतर सरळ वळसा घ्या. लूप (रडारची मागची चित्रं एकामागोमाग) चालवून ढग कुठे सरकतोय ते बघा आणि त्याच्या मागच्या बाजूने जा, पुढे पसरलेल्या ढगाच्या छत्रीखाली गारा पडू शकतात.

मी ऑस्टिनहून शुगरलँडला जाताना मॅपवर छान मोकळी वाट दिसत होती आणि समोर काचेतून बघितलं तर काळीकरडी भिंत, लगेच जमिनीवरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरला सांगून वळलो, गिडिंग्जला उतरलो आणि दोन तास बसून राहिलो. म्हणून इंधन तासभर जास्त घ्या, वाटेतले दोन-तीन एअरपोर्ट आधीच काढून ठेवा, वळायचं असेल तर कंट्रोलरला लवकर सांगा, अगदी जवळ जाऊन नाही.

आणि बॅगेत टूथब्रश, एक जोडी कपडे टाका, घरी निघतानाच सांगून ठेवा की आज नाही जमलं तर उद्या सकाळी येईन, म्हणजे वर असताना पोचायची घाई डोक्यात राहत नाही.