व्हिम शिकायचंय? शॉर्टकट पाठ करू नका, वाक्यं बनवा

सर्व्हरवर पहिल्यांदा लॉगिन केलं, फाइल उघडली, टाइप करायला गेलो तर अक्षरं उमटेचनात, उलट दोन ओळी गायब झाल्या, आणि बाहेर कसं पडायचं तेही कळेना म्हणून शेवटी टर्मिनलच बंद करून टाकलं. व्हिम या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरशी माझी ओळख झाली ती अशी. म्हणून आधी बाहेर पडायलाच शिकू. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर, की काहीही सेव्ह न होता बाहेर. सेव्ह करून निघायचं तर कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. (कीज मी आपण बोलतो तशा लिहितोय, कॅपिटल म्हटलं नसेल तर स्मॉलच समजा.) आणि लाजायचं काही कारण नाही, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर याच एका प्रश्नाने २०१७ मध्येच दहा लाख व्ह्यूज गाठले होते.

आता टर्मिनलमध्ये व्हिमट्यूटर असं टाइप करा, अर्थात इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता. व्हिमसोबतच येणारा हा अर्ध्या तासाचा धडा आहे. यूट्यूबवरचे व्हिडिओ नंतर बघा, आधी हा हाताने करा, कारण हे बोटांनी शिकायचं काम आहे, सायकलसारखं.

मग मोड. व्हिममध्ये तुम्ही बहुतेक वेळ नॉर्मल मोडमध्ये असायचं, तिथे प्रत्येक की म्हणजे एक हुकूम. आय दाबलं की इन्सर्ट मोड, लिहायचं तेवढं लिहिलं की लगेच एस्केप दाबून परत. नवीन माणूस उलटं करतो, सतत इन्सर्टमध्ये बसून बाणांच्या कीज बडवतो, आणि मग म्हणतो यात फास्ट काय आहे?

हलायला एच, जे, के, एल म्हणजे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. या चारच का, तर बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हिमचा पूर्वज असलेला मूळ व्हीआय एडिटर लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या जुन्या टर्मिनल यंत्रावर, आणि त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार कीजवर छापलेले होते. एस्केपही तिथे आजच्या टॅबच्या जागी, अगदी करंगळीखाली होतं. आता ते कोपऱ्यात गेलंय, म्हणून बरेच जण कॅप्सलॉकचंच एस्केप करून घेतात. मी ते करायला आळस केला आणि एकदा कॅप्सलॉक चालू असताना खाली जायला जे दाबून धरलं. कॅपिटल जे म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीला जोड! साठ-सत्तर ओळींची कॉन्फिग फाइल एका ओळीत आली, घाबरून बाहेर पडायला गेलो तर कॅपिटल क्यू नावाची कमांडच नाही म्हणून एरर. त्याच संध्याकाळी ती की बदलली.

एकेक अक्षर सरकणंही सोडा. डब्ल्यूने पुढचा शब्द, बीने मागचा, एफ आणि एखादं अक्षर दाबलं की त्या ओळीत पुढे ते अक्षर जिथे असेल तिथे उडी. लांब जायचं तर स्लॅश देऊन सर्च, आणि कंट्रोल-ओने होतो तिथे परत. बाकी हळूहळू येतं.

खरी मजा पुढे आहे. डी म्हणजे पूस, सी म्हणजे पुसून नवीन लिही, वाय म्हणजे कॉपी. ही क्रियापदं. यांच्यापुढे हालचाल जोडा, की डी-डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत पूस, डी आणि डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत पूस. आणि क्रियापदापुढे आय आलं तर ते इन्सर्ट नाही, त्याचा अर्थ 'आतलं'. समजा कोडमध्ये प्रिंट("नमस्कार पुणे") आहे आणि अवतरणातला मजकूर बदलायचाय. कर्सर त्या ओळीत 'प्रिंट'वर असला तरी चालेल, सी, आय, दुहेरी अवतरण असं दाबा, आतलं सगळं साफ, अवतरणं जागेवर आणि तुम्ही इन्सर्ट मोडमध्ये. माउस नाही, सिलेक्ट करताना एक अक्षर जास्त पकडलं वगैरे नाही. कंसासाठी सी, आय, कंस, फक्त तिथे कर्सर कंसाच्या आत ठेवा.

आता आपण म्हणतो 'हा शब्द पूस' आणि व्हिम म्हणतो 'पूस हा शब्द', क्रियापद आधी. ज्याला हे उलटं वाटतं त्याने सुरुवातीला व्हिज्युअल मोड वापरावा, व्ही, आय, अवतरण दाबून आतलं निवडायचं आणि मग डी, अगदी मराठी क्रमाने. पण त्यातच अडकू नका, कारण पुढचं हत्यार पहिल्या पद्धतीतच नीट चालतं.

ते हत्यार म्हणजे टिंब, फुलस्टॉपची की. ती मागचा बदल पुन्हा करते. सी-आय-अवतरणने एक मेसेज बदललात, दुसऱ्या ओळीवर जाऊन टिंब दाबा, तिथेही तोच बदल, आतला मजकूर कितीही लांब असो. व्हिज्युअलने केलं असतं तर टिंबाने तेवढीच अक्षरं मोजून उडवली असती.

व्हेरिएबलचं नाव बदलायला मी रोज हेच करतो. 'टोटल'वर कर्सर ठेवून स्टार दाबायचं, व्हिम पुढच्या 'टोटल'वर नेतो, पूर्ण शब्दच शोधतो त्यामुळे 'सबटोटल' एकच शब्द म्हणून लिहिलेलं असेल तर त्याला धक्का नाही. मग सी, जी, एन, नवीन नाव, एस्केप. आता एन दाबून पुढचं बघा, बदलायचं असेल तर टिंब, नसेल तर परत एन. फाइल संपली की सर्च वरून पुन्हा सुरू होतो, म्हणून पहिलंही सुटत नाही. आंधळ्या रिप्लेस-ऑलपेक्षा मला हे फार बरं वाटतं.

व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (व्हिमआरसी) सुरुवातीला फक्त नंबर आणि रिलेटिव्हनंबर चालू करा, म्हणजे सात ओळी खाली असलेल्या ओळीसमोर ७ च दिसतो, सात आणि जे दाबलं की पोचलात. प्लगइनचा ढीग पहिल्या महिन्यात नको. आणि व्हीएस कोड हा नेहमीचा एडिटर सोडवत नसेल तर सोडू नका, त्यात व्हिमचं एक्स्टेन्शन टाका, वरचं बहुतेक सगळं तसंच चालतं. मला पहिले दोन आठवडे आधीपेक्षा हळूच काम होत होतं, त्यामुळे डेडलाइनच्या आठवड्यात हा उद्योग सुरू करू नका.

एक आपल्यासाठी. मराठीत कॉमेंट लिहायला इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू केला असेल तर एस्केप चालतं, पण त्यानंतर जे दाबलं की व्हिमला 'र' मिळतो, के दाबलं की 'क', आणि कर्सर जागचा हलत नाही. व्हिम हँग झाला म्हणून टर्मिनल मारून टाकू नका, आधी टास्कबारवर भाषा कुठली आहे ते बघा.