स्पोर्ट्‌स कारसाठी रन-फ्लॅट की साधे टायर : निर्णयाआधीची आणि नंतरची तयारी

स्पोर्ट्‌स कारचे टायर बदलण्याची वेळ आली की रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणारे टायर, घ्यावेत की साधे, हा प्रश्न बहुधा दुकानात उभे राहून, समोर असलेला माल पाहून सोडवला जातो. तो तसा सोडवू नये, असे माझे ठाम मत आहे. पंक्चर झाल्यावर पहिल्या तासात आपण काय करणार, याचा बंदोबस्त टायरच्या निवडीतच होत असतो. त्या वेळी आपण कुठे असू, सोबत कोण असेल, गाडीत कोणते साहित्य असेल आणि मदत किती वेळात पोहोचेल, याचा विचार जुने टायर पुरते झिजण्याआधीच करून ठेवायला हवा. पुढची तयारी त्याच क्रमाने मांडली आहे.

सर्वप्रथम गाडीवर आज कोणते टायर आहेत ते टायरच्या बाजूवर नीट वाचून घ्यावे. रन-फ्लॅटची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी असते. मिशेलिन ‘झेडपी’, ब्रिजस्टोन ‘आरएफटी’, गुडइयर ‘आरओएफ’, कॉन्टिनेन्टल ‘एसएसआर’ आणि डनलॉप ‘डीएसएसटी’ अशी अक्षरे छापते. शिवाय निसान जीटी-आरच्या पुढच्या टायरवर ‘255/40 झेडआरएफ 20’ असे असते, तसे मापातच ‘आर’नंतर ‘एफ’ आलेले दिसले तरी तो टायर रन-फ्लॅट समजावा. बीएमडब्ल्यूच्या टायरवरील चांदणी मात्र केवळ त्या कंपनीच्या मान्यतेची निशाणी आहे, तिच्यावरून रन-फ्लॅट असल्याचा निष्कर्ष काढू नये. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर चारही टायर एकेक करून तपासावेत, कारण आधीच्या मालकाने मागची जोडी बदलून पुढची तशीच ठेवलेली असू शकते. रन-फ्लॅट आणि साधे टायर यांची सरमिसळ आढळली तर ती पहिल्या संधीला दूर करावी. दोन्हींच्या बाजूंचा ताठरपणा वेगळा असल्याने भर वेगात वळण घेताना गाडीचे पुढचे आणि मागचे टोक निरनिराळ्या रीतीने वागते. याच वेळी माप, भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा), वेगाचे अक्षर आणि उत्पादनाचा चार आकडी संकेत टिपून ठेवावा. या संकेतातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे ‘2321’ असे असल्यास टायर 2021 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. वेगाचे ‘डब्ल्यू’ हे अक्षर ताशी 270 आणि ‘वाय’ हे ताशी 300 किलोमीटरपर्यंतची क्षमता सांगते, आणि नवा टायर कोणत्याही प्रकारचा असला तरी भार व वेग या दोन्ही बाबतींत गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा कमी क्षमतेचा घेऊ नये.

त्यानंतर गाडी बनवणाऱ्याने कोणता टायर गृहीत धरून निलंबन, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, जुळवले आहेत ते पाहावे. या बाबतीत मोठ्या कंपन्यांचेही एकमत नाही. 1980 च्या दशकातल्या पोर्शे 959 ला हवा गेल्यावरही रिम न सोडणारे खास टायर आणि दाब मोजण्याची व्यवस्था दिलेली होती. पुढे 1997 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये गुडइयरचे रन-फ्लॅट मूळचेच आले आणि स्टेपनी काढून टाकण्यात आली. निसान जीटी-आरही रन-फ्लॅटवरच बेतलेली आहे. याउलट बीएमडब्ल्यूने आपल्या नेहमीच्या गाड्यांना रन-फ्लॅट देण्याचे धोरण ठेवले असतानाच एम3 आणि एम5 या वेगवान गाड्यांना साधे टायर व पंक्चर बुजवणाऱ्या द्रावाचे किट दिले, आणि पोर्शे 911 चाही शिरस्ता तोच आहे. तेव्हा रन-फ्लॅट म्हणजे हळू किंवा बोजड गाडीचा टायर, ही समजूत आता टिकणारी नाही. कॉर्व्हेट झेड06 साठी मिशेलिनने शर्यतीच्या ट्रॅकवर चालणारा कप 2 आर हा टायरसुद्धा ‘झेडपी’ स्वरूपात तयार केला. आपली गाडी रन-फ्लॅटवर जुळवलेली असेल आणि साधे टायर घालायचे असतील, तर चाल मऊ होईल, पण स्टिअरिंग वळवल्यावर गाडी वळायला लागण्याची पहिली हालचाल किंचित सैल वाटू शकते, हे आधी जाणून घ्यावे. हा फरक ज्याला आवडेल त्याने जरूर बदल करावा. मात्र पुरते झिजलेले, वर्षांनुवर्षे वापरलेले रन-फ्लॅट आणि कोरे करकरीत साधे टायर यांची तुलना करून मत बनवू नये, कारण त्या तुलनेत नवा टायर जवळजवळ नेहमीच जिंकतो.

रन-फ्लॅटकडून नेमके काय मिळते हे तपशिलाने समजून घेणे हा या तयारीचा गाभा आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीत जाड, उष्णता सोसणारे रबर भरलेले असते आणि हवा पूर्ण गेल्यावर ही भिंतच गाडीचे वजन पेलते. बहुतेक उत्पादक अशा स्थितीत ताशी 80 किलोमीटरच्या आत राहून सुमारे 80 किलोमीटर जाण्याची मुभा देतात. ही मर्यादा उष्णतेमुळे येते: चाकाच्या प्रत्येक फेरीला ती भिंत वाकते आणि सरळ होते, त्या वाकण्यातून रबर तापत जाते, आणि वेग, गाडीतला भार किंवा रस्त्याची उष्णता वाढली की 80 किलोमीटरची मुभा प्रत्यक्षात आखूड होते. रस्त्यावरच्या खड्ड्याने किंवा धारदार कडेने बाजूची भिंतच फाटली, तर हे संरक्षण उरत नाही. आणखी एक बाब सहज नजरेआड होते. हवा गेलेला रन-फ्लॅट बाहेरून जवळपास नेहमीसारखाच दिसतो आणि चालवतानाही फारसा जाणवत नाही, म्हणून दाबाची सूचना देणारी यंत्रणा चालू नसलेल्या गाडीत रन-फ्लॅट बसवणे धोक्याचे आहे. जुन्या गाडीत चाकातील दाबाच्या सेन्सरची बॅटरी संपत आलेली असू शकते, तसे असल्यास तो सेन्सर टायर उतरवण्याच्या निमित्तानेच बदलून घ्यावा. एरवी केवळ सेन्सरसाठी टायर पुन्हा उतरवावा लागतो.

या सुविधेसाठी काय मोजावे लागते तेही मांडून पाहावे. रन-फ्लॅट साध्या टायरपेक्षा जड असतो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली, थेट चाकावर येत असल्याने खडबडीत रस्त्यावर चाकाला जमिनीशी संपर्क राखणे कठीण जाते. किंमत जास्त असते, मापांची निवड कमी असते. आधीच 30 किंवा 35 च्या उंचीचा (म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या तितके टक्के), अरुंद बाजूचा टायर असेल तर ताठ भिंतीमुळे खड्ड्याचा आघात रिमपर्यंत अधिक पोहोचतो आणि मिश्रधातूच्या रिमला तडा जाण्याची शक्यता वाढते. माझ्या मते मात्र सगळ्यात मोठा खर्च दुरुस्तीच्या बाबतीत होतो. अनेक उत्पादक हवा नसताना चाललेल्या रन-फ्लॅटची दुरुस्ती नाकारतात, काही अटींसह परवानगी देतात. त्यामुळे आपण निवडत असलेल्या टायरच्या कंपनीचे धोरण खरेदीपूर्वीच वाचून घ्यावे. पंक्चर काढणाऱ्याने टायर रिमवरून पूर्ण उतरवून आतून दाखवावा, असा आग्रह धरावा. निरोगी टायरच्या आतला थर गुळगुळीत, एकसारखा काळा असतो. दाब नसताना चाललेल्या टायरमध्ये मात्र रबराचा बारीक काळा भुगा साचलेला दिसतो, बोटाला लागतो, आणि बाजूच्या आतील अंगाला रिमशी समांतर अशी सुरकुतलेली, घासलेली कड उमटलेली असते. ही कड दिसली की खिळ्याचे भोक कितीही लहान असले तरी तो टायर पुन्हा वापरू नये. साध्या टायरलाही हाच नियम लागू आहे. दुरुस्ती शक्य असली, तरी ती जमिनीवर टेकणाऱ्या भागाच्या मध्यावर आणि सर्वसाधारणपणे 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच करावी. बाहेरून चिकट दोरी खुपसून केलेली दुरुस्ती दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती मानावी आणि नंतर आतून छत्रीच्या आकाराचे ठिगळ लावून घ्यावे.

साधे टायर घेण्याचा कल असेल तर स्टेपनीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तो वाटतो त्यापेक्षा बिकट असतो. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असल्याने एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. मोठ्या ब्रेक कॅलिपरवर लहान रिम बसत नाही. आणि स्टेपनी बसवता आली तरी काढलेले मागचे रुंद चाक ठेवायचे कुठे, असा पेच उरतो, कारण दोन आसनांच्या गाडीच्या डिकीत ते बहुधा मावत नाही आणि सोबतच्या माणसाची जागा अडवते. काही गाड्यांच्या चाकाला मध्यभागी एकच मोठे नट असते. पोर्शेच्या अशा चाकाला 600 न्यूटन-मीटर इतका पीळ, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो, तो रस्त्याच्या कडेला हाताच्या पान्याने देता येत नाही. म्हणून साध्या टायरच्या सोबतीला व्यवहारात द्रावाचे किट आणि छोटा कॉम्प्रेसर हाच उपाय उरतो. हा द्राव जमिनीवर टेकणाऱ्या भागातील लहान भोक बुजवतो. बाजूच्या चिरेपुढे त्याचा इलाज नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती तपासावी. द्राव टायरमधील सेन्सरला चालणारा आहे का, तेही पुस्तिकेत पाहावे. रुतलेला खिळा किंवा स्क्रू उपसून काढू नये, द्राव भरून दाब दिल्यावर लगेच थोडे अंतर हळू चालवून तो आत पसरू द्यावा, आणि थांबून दाब पुन्हा मोजावा. किटच्या पुस्तिकेतील किमान दाब टिकत नसेल तर पुढे जाऊ नये.

किटसोबत गाडीत आणखी काही वस्तू कायम असाव्यात. दाब मोजण्याचे साधन, टॉर्च, हातमोजे, परावर्तक त्रिकोण, चोरीप्रतिबंधक नटाची किल्ली आणि गाडी ओढण्याची कडी यांची जागा ठरवून ठेवावी. काही गाड्यांची कडी उलट आट्याची असते, हे एकदा फिरवून पाहिल्यास अंधारात गोंधळ होत नाही. ठेंगण्या गाडीखाली नेहमीचा जॅक शिरत नसेल तर त्या गाडीच्या टेकूच्या जागेत बसणारा रबरी ठोकळा घ्यावा. मदतसेवेची वर्गणी असेल, तर ती सेवा गाडी दोरखंडाने ओढून नेत नसून सपाट पाटीच्या वाहनावर चढवून नेते का, हे फोन करून विचारून घ्यावे. ठेंगण्या गाडीसाठी, विशेषतः चारही चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीसाठी, हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

आता निवड. जो एकट्याने, रात्री, लांबच लांब ओसाड रस्त्यांवरून जातो, किंवा ज्याला रस्त्याच्या कडेला गाडीबाहेर उभे राहणे सुरक्षित वाटत नाही, त्याने रन-फ्लॅटच घ्यावेत; थांबावे न लागता उजेडात आणि माणसांत पोहोचण्याची जी सोय ते देतात, तिच्यापुढे थोडी कडक चाल मला क्षुल्लक वाटते. ज्याचे फिरणे वस्तीच्या आसपास आहे, ज्याला मदत तासाभरात मिळते आणि ज्याने गाडी मुख्यतः वळणावळणाच्या रस्त्याच्या आनंदासाठी ठेवली आहे, त्याने साधे टायर आणि वर सांगितलेले साहित्य घ्यावे, मात्र साहित्य आधी आणि टायर नंतर, या क्रमाने. रस्ता खराब असेल तर दोन्ही पक्षांना बाजूची उंची थोडी जास्त असलेले, पण उत्पादकाने मान्य केलेले माप शोधण्याचा फायदा होतो.

टायर बसवताना दुकान निवडण्यात कसूर करू नये. रन-फ्लॅटची ताठ बाजू रिमवर चढवायला मदतनीस दांडा असलेले यंत्र आणि सराव असलेला हात लागतो. घाई केली तर टायरची कड किंवा सेन्सर तुटतो. थंडीच्या दिवसांत टायर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय चढवू देऊ नये. जोडी नेहमी एका अ‍ॅक्सलची एकत्र बदलावी, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट लगेच करून घ्यावे, आणि नट केवळ यंत्राने न आवळता मोजक्या पिळाच्या पान्याने आवळलेले पाहावेत. हवा टायर थंड असताना भरावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे 1 पीएसआयने कमी होतो, त्यामुळे ऋतू बदलताना दाब पुन्हा पाहावा. सूचना यंत्रणेला नवा दाब शिकवण्याची कृती प्रत्येक गाडीत वेगळी असते, ती दुकानातून निघण्यापूर्वी पूर्ण करावी. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नटांचा पीळ पुन्हा तपासावा.

शेवटी एका मोकळ्या दिवशी, उजेडात आणि सपाट जागी, सगळे एकदा करून पाहावे. साधे टायर घेतले असतील तर एका टायरमधून थोडी हवा काढून कॉम्प्रेसरने ती परत भरावी. किती मिनिटे लागतात, तार मागच्या चाकापर्यंत पोहोचते का, कॉम्प्रेसर मध्येच थांबवून थंड करावा लागतो का, हे तेव्हाच कळते. रन-फ्लॅट घेतले असतील तर दाबाचा दिवा लागताच काय करायचे ते एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवावे: वेग हळूहळू 80 च्या आत आणावा, जोरात ब्रेक लावू नये, ट्रिप मीटर शून्य करावा आणि नकाशावर जवळचे टायरचे दुकान शोधावे. ही गाडी घरातील ज्या ज्या व्यक्ती चालवतात त्यांनाही हा कागद वाचायला द्यावा.