पॉवर-डाउन पिनची पोलॅरिटी: ड्रायव्हरमध्ये १ म्हणजे झोप

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत द्राक्षांच्या प्रतवारी यंत्रासाठी कॅमेऱ्याचा बोर्ड जुळवताना सेन्सर आयटूसी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या संवादवाहिनीवर) उत्तरच देईना. पुल-अप रेझिस्टर तपासण्यात आमचा अर्धा दिवस गेला. दोष मात्र एवढाच होता, की सेन्सरला झोपवणाऱ्या पॉवर-डाउन पिनचा एकच सिग्नल डिव्हाइस ट्रीने (बोर्डावरील जोडण्यांचे वर्णन करणाऱ्या फाइलने) एकदा आणि ड्रायव्हरने (सेन्सर चालवणाऱ्या कर्नलच्या कोडने) पुन्हा एकदा उलटवला होता.

जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरने चालवता येणारी प्रोसेसरची पिन. लिनक्स कर्नलमध्ये तिच्यासाठीच्या 'जीपीआयओडी_सेट_व्हॅल्यू' या फंक्शनला दिलेला आकडा व्होल्टेज सांगत नाही, तर पिनच्या नावातील क्रिया घडावी की नाही एवढेच सांगतो. म्हणून 'पॉवरडाउन-जीपीआयओज' या पिनवर १ लिहिल्यास चिप झोपते आणि ० लिहिल्यास जागी होते, मग तारेवर प्रत्यक्षात काहीही असो. तारेवरची पातळी डिव्हाइस ट्रीमधील 'ॲक्टिव्ह_हाय' (वरच्या व्होल्टेजला क्रिया घडते) किंवा 'ॲक्टिव्ह_लो' (खालच्या व्होल्टेजला घडते) हा फ्लॅग ठरवतो.

तो फ्लॅग ठरवण्यासाठी प्रथम डेटाशीट, म्हणजे चिपचे उत्पादकाने दिलेले माहितीपत्रक, पाहावी. नावावरून अंदाज बांधू नये: ओव्ही५६४० या एकाच सेन्सरची पॉवर-डाउन पिन ॲक्टिव्ह हाय असून रिसेट पिन ॲक्टिव्ह लो आहे. त्यानंतर सर्किटच्या नकाशावर ती तार प्रोसेसरपर्यंत बोटाने चालत जावी, कारण वाटेत लेव्हल बदलणारा एखादा ट्रान्झिस्टर सिग्नल उलटवत असेल, तर फ्लॅगही उलटा लिहावा लागतो. फ्लॅग चिपचे नव्हे, प्रोसेसरच्या पिनचे वर्णन करतो.

ड्रायव्हर चिपशी जोडला जाताना चालणाऱ्या त्याच्या प्रोब फंक्शनमध्ये पिन 'जीपीआयओडी_आउट_हाय' या पर्यायासह मागावी, म्हणजे वीजपुरवठा आणि क्लॉक स्थिर होईपर्यंत चिप बंद राहते. येथील 'हाय' हा शब्द, माझ्या मते, फसवाच आहे. त्याचा अर्थ 'क्रिया लागू' एवढाच. नंतर ० लिहून डेटाशीटने सांगितलेला वेळ थांबावे आणि मगच आयटूसीवर बोलावे. 'रॉ' नावाची फंक्शने मात्र हा फ्लॅग ओलांडून थेट पातळी लिहितात, म्हणून ती टाळावीत.

जुन्या ड्रायव्हरमध्ये उलटा तर्क आढळला, तरी तो परस्पर सुधारू नये: आधीच वापरात असलेल्या बोर्डांची डिव्हाइस ट्री त्याच चुकीवर बेतलेली असू शकते.

शेवटी डीबगएफएसमधील (कर्नलची अंतर्गत स्थिती दाखवणाऱ्या फाइल प्रणालीतील) जीपीआयओ फाइल वाचावी. तिथे दिसणारी 'हाय' किंवा 'लो' ही प्रोसेसरच्या तारेवरची पातळी असते, म्हणून मल्टिमीटरचे टोक मात्र सेन्सरच्या पिनवरच टेकवावे.