आवाज घुमतोय? कपड्यांचं कपाट उघडा

रिकाम्या खोलीत गाणं रेकॉर्ड केलं की आवाज घुमतो, आणि एकदा रेकॉर्ड झालेलं हे घुमणं नंतर नीट काढता येत नाही. आवाज शोषणारा महागडा फोम घेण्याआधी हे करा:

१. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. कार्डिऑइड माइक समोरचं जास्त टिपतो, म्हणून मऊ कपडे गाणाऱ्याच्या मागेच हवेत. टाळी वाजवा, अजून घुमत असेल तर बाजूला जाड रजई टांगा.

२. माइक वीतभर लांब, किंचित तिरका. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचे फटके माइकवर बसत नाहीत.

३. पंखा बंद. सगळ्यात जोरात गाऊन बघा आणि रेकॉर्डिंगचा मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास पोचेल इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याची पातळी) ठेवा.

अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला लावू नका. उपयोग नगण्य, आणि ते चटकन पेटतात.