हवामान मॉडेलमधील ढगांचा प्रारण परिणाम नकाशावर कसा दाखवावा

ढग सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला थंड ठेवतात आणि खालून वर जाणारी उष्णता अडवून तिला उबदारही ठेवतात; हाच त्यांचा प्रारण परिणाम. म्हणूनच केवळ एकूण मेघाच्छादनाचा नकाशा काढून थांबू नये, कारण झिरझिरीत सिरस आणि दाट पावसाळी ढग त्यात सारखेच दिसू शकतात.

सीएमआयपी ६ या जगभरातील हवामान मॉडेलांच्या तुलना प्रकल्पाच्या संचांमधून, उदाहरणार्थ पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या मॉडेलमधून, वातावरणाच्या माथ्यावरून बाहेर जाणाऱ्या प्रारणाची चार चले घ्यावीत: लघुतरंगाची (परतलेला सूर्यप्रकाश) आरएसयूटी व आरएसयूटीसीएस, आणि दीर्घतरंगाची (पृथ्वीची उष्णता) आरएलयूटी व आरएलयूटीसीएस. 'सीएस' म्हणजे ढग वगळून, निरभ्र आकाश धरून केलेले गणित. या 'सीएस' चलातून साधे चल वजा केले की परिणाम मिळतो. ऋण आकडा थंडावा दाखवतो, धन आकडा ऊब. अक्षांशाच्या कोसाइनने भारित केलेली जागतिक सरासरी लघुतरंगासाठी उणे ४५ ते ५० आणि दीर्घतरंगासाठी अधिक २५ ते ३० वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास यायला हवी. चिन्ह उलटे आले तर वजाबाकीचा क्रम तपासावा.

लघुतरंग, दीर्घतरंग आणि निव्वळ असे तिन्ही नकाशे शेजारी शेजारी, एकाच रंगपट्टीवर मांडावेत. शून्याला पांढरा रंग आणि दोन्ही टोके समान, समजा उणे १२० ते अधिक १२०. निव्वळ नकाशा एकटा दिला तर तो हमखास फसवतो. पश्चिम प्रशांत महासागरावर उंच ढगांची गर्दी असूनही दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना खोडतात आणि तो भाग ढगच नसल्यासारखा पांढरा पडतो. याउलट जून ते सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरावर लघुतरंगाचा थंडावा स्पष्टपणे वरचढ ठरतो, म्हणून मोसमी पावसाचे मॉडेल तपासताना मी सर्वांत आधी तिथेच पाहीन.

९० अंश पूर्व रेखांशावरचा उभा छेदही काढावा. त्यासाठी लागणारे 'सीएल' (प्रत्येक उंचीवरचे मेघाच्छादन) हे चल बहुधा संकरित पातळ्यांवर, म्हणजे जमिनीलगत भूरूपाला अनुसरणाऱ्या पातळ्यांवर, असते, त्यामुळे पृष्ठभागीय दाब वापरून आधी खरा दाब काढावा. तसे न केल्यास हिमालयाच्या पोटात ढग दिसतात.

प्रत्यक्ष निरीक्षणांशी तुलनेसाठी सेरेस या प्रारण मोजणाऱ्या उपग्रह-उपकरणांची ईबीएएफ नावाची माहिती उपयोगी पडते. ती मार्च २००० पासून, एक अंशाच्या जाळीवर आहे. सीएमआयपी ६ चे ऐतिहासिक (भूतकाळाचे) प्रयोग २०१४ ला संपतात, म्हणून २००१ ते २०१४ ची सरासरी घ्यावी. एकेका वर्षाची तुलना व्यर्थ आहे, कारण युग्मित (वातावरण आणि महासागर जोडलेल्या) मॉडेलमधला एल निनो प्रत्यक्षातल्या वर्षी येत नाही. ईबीएएफमधील निरभ्र प्रारणाची मॉडेलशी सुसंगत आवृत्तीच निवडावी आणि फरकाच्या नकाशाला स्वतंत्र, अरुंद रंगपट्टी द्यावी.

तापमानवाढीनंतरच्या परिणामातील बदलाच्या नकाशाला मात्र 'ढगांचा प्रतिसाद' असे शीर्षक देऊ नये. ढग तसेच राहिले तरी बर्फ वितळल्याने निरभ्र प्रारण बदलते आणि हा आकडा सरकतो. तो भाग वेगळा काढण्यासाठी प्रारणीय कर्नल, म्हणजे एकेका घटकातील बदलाने प्रारण किती बदलते ते सांगणारे आधीच काढलेले आकडे, वापरावे लागतात.