उन्हाळ्यात कोकण किनाऱ्याने सावकाश जाताना

मे महिन्यात रायगडहून वेंगुर्ल्याकडे मोटारीने निघायचे असेल, तर महामार्गाचा मोह टाळून किनाऱ्यालगतचा रस्ता धरावा आणि दिवसाला शंभर किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठरवू नये. या वाटेवर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीने मोटारीसह ओलांडता येतात, त्यामुळे घाटातील मोठा वळसा वाचतो आणि भर उन्हात गाडी चालवण्याच्या शिणातून थोडी विश्रांतीही मिळते. शेवटची फेरी किती वाजता आहे, हे मात्र त्याच दिवशी सकाळी धक्क्यावर दूरध्वनी करून विचारावे, कारण ती चुकली की अंधारात अरुंद रस्त्याने लांबचा फेरा पडतो.

पहाटे लवकर निघून अकरापर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि दुपार सावलीत घालवावी. हापूस वाटेतल्या बागायतदाराकडूनच घ्यावा; आढीतला अर्धा पिकलेला घेतला, तर प्रवासात टिकतो. पेटी बंद गाडीच्या डिकीत न ठेवता हवेशीर जागी ठेवावी.

पुढे गोव्यात उतरणार असाल, तर काजूच्या बोंडांपासून गाळलेल्या आणि २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या फेणीची चव अवश्य घ्यावी, परंतु ती मुक्कामी, गाडी उभी केल्यानंतरच. परतताना बाटली सोबत आणायची असल्यास आवश्यक परवाना आधीच काढावा, कारण परवान्याशिवाय गोव्याचे मद्य महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे.