ब्रिटनमधील कृष्णवर्णीय पुरुषांसाठी मानसिक आधाराचा गट कसा उभा करावा

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत काम करणारे मराठी डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते कमी नाहीत. त्यांच्यापैकी ज्यांची नेमणूक दक्षिण लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या वस्त्यांत आहे, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. कृष्णवर्णीय पुरुष वेळ असताना आपल्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि येतात तेव्हा बहुतेकदा पोलिसांच्या गाडीतून येतात, असे का? मी दक्षिण लंडनमध्ये मानसिक आरोग्याची परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. त्या कामातून, आणि त्यात झालेल्या चुकांतून, जे शिकले ते अशा सहकाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

गट उभारण्याआधी भीती समजून घ्यावी लागते, कारण ती भीती साधार आहे. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात ठेवले जाण्याचे प्रमाण २०२२-२३ मध्ये कृष्णवर्णीयांत दर लाखामागे सुमारे २२८ होते, तर गोऱ्यांत ६४. वस्तीत याला ‘सेक्शन होणे’ म्हणतात, आणि हा शब्द कुजबुजल्यासारखा उच्चारला जातो. जमैकात जन्मलेले आणि तिथल्याच रास्ताफारी या धर्मपंथाचे डेव्हिड बेनेट यांना १९९८ मध्ये नॉर्विचच्या एका क्लिनिकमध्ये कर्मचाऱ्यांनी जमिनीवर दाबून धरले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. २००४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने मानसिक आरोग्यसेवेतील संस्थात्मक वर्णद्वेषावर बोट ठेवले. २०१० मध्ये ओलासेनी लुईस हा तेवीस वर्षांचा तरुण स्वतःहून उपचार घ्यायला गेला, आणि अकरा पोलिसांनी त्याला दाबून धरल्यानंतर दगावला. त्याच्या आईवडिलांनी दिलेल्या लढ्यातून २०१८ चा मानसिक रुग्णालयांतील बळाच्या वापरावरील कायदा झाला आणि तो ‘सेनीचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. ही नावे वस्तीतल्या घराघरांत ठाऊक असतात. आपण ओळखपत्र गळ्यात अडकवून दारात उभे राहतो, तेव्हा समोरच्या माणसाच्या मनात ती जागी होतात.

म्हणून पहिला निर्णय हा की, गट सुरक्षित आहे की नाही हे आपण ठरवायचे नाही. न्यूझीलंडमधील मूळनिवासी माओरी समाजातल्या परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली आणि १९९२ मध्ये तेथील परिचारिका परिषदेने ती शिक्षणात आणली. तिचे मर्म असे की, सेवा सुरक्षित होती का, याचा निकाल सेवा घेणाराच देतो. दुसऱ्याच्या चालीरीतींची माहिती पाठ करणे म्हणजे ही सुरक्षितता नव्हे. आपल्या हातात किती सत्ता आहे, आपला शब्द फाइलीत गेला तर त्याचे काय होऊ शकते, हे आधी ओळखावे लागते. आपणही सावळे आहोत, परदेशी आहोत, म्हणून आपल्याला सगळे कळते, असे मानण्याचा मोह मराठी माणसाला होतो आणि मलाही झाला होता. पण ज्या दालनात दार बाहेरून बंद होते, तेथे चाव्या आपल्या कमरेला असतात.

त्यामुळे नवे काही सुरू करण्याऐवजी, आधीपासून काय चालू आहे ते शोधावे. जुन्या कॅरिबियन मंडळींचे डॉमिनोचे क्लब, पेंटेकॉस्टल चर्चमधील पुरुषांचे गट, रविवारचा फुटबॉल, मशिदीबाहेरचे सोमाली चहाचे अड्डे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केस कापण्याचे दुकान. दोन-तीन महिने नुसते जात राहावे, ऐकावे, विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. ‘कृष्णवर्णीय पुरुष’ असा एकच साचा नसतो, हे याच काळात कळते. सत्तरीतला जमैकन आजोबा, घाना किंवा नायजेरियातून आलेला अभियंता आणि लंडनमधल्याच पेकमला जन्मलेला विशीतला मुलगा यांची दुखणी वेगळी, देव वेगळे आणि गप्प राहण्याची तऱ्हाही वेगळी असते.

दुकान का, हे एका शनिवारी बसून पाहिले की कळते. मशीन गुणगुणत असते, भिंतीवरच्या टीव्हीवर सामना चालू असतो, बाकावर पाच-सहा जण नंबर लावून बसलेले असतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसते, गळ्याभोवती कापड बांधले जाते, आणि मग दोघांचीही नजर आरशात असते. कोणी कोणाच्या डोळ्यांत थेट पाहत नाही. कारागीर मानेवर ब्रश फिरवत विचारतो, ‘आई कशी आहे आता?’ थोडा वेळ उत्तर येत नाही. मशीन कानामागे जाते तेव्हा तो माणूस सांगतो की, आई जाऊन तीन आठवडे झाले आणि तेव्हापासून झोप नाही. माझ्या मुलाखतीच्या खोलीत, समोरासमोर मांडलेल्या खुर्च्यांत, हे वाक्य यायला कदाचित सहा महिने लागले असते.

याचा वापर इतरांनीही केला आहे. लॉस एंजलिसच्या परिसरातील ५२ दुकानांत, रक्तदाब वाढलेल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेल्या अभ्यासात फार्मासिस्ट दुकानातच येऊन औषधे देत होते. सहा महिन्यांत त्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, तर ज्यांना फक्त सल्ला आणि डॉक्टरकडे जाण्याची आठवण मिळाली, त्यांचा सुमारे ९ अंकांनी. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मनाच्या बाबतीत, अमेरिकेतील आर्कान्सासमध्ये लोरेन्झो लुईस यांनी सुरू केलेला ‘कन्फेस प्रोजेक्ट’ केशकर्तन कारागिरांना ऐकण्याचे प्रशिक्षण देतो.

कारागिराला समुपदेशक बनवू नये. त्याच्याकडून एवढेच अपेक्षित असावे की त्याने बदल टिपावा, मध्ये न तोडता ऐकावे, लाज वाटेल असे काही बोलू नये, आणि गरज पडली तर पुढच्या माणसाशी गाठ घालून द्यावी. प्रशिक्षण दुकान बंद असताना, त्याच्याच दुकानात, आणि शक्यतो कृष्णवर्णीय प्रशिक्षकाकडून व्हावे. त्या वेळेचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. संस्थांना पगार आणि वस्तीने मात्र फुकट राबायचे, ही रीत मला अन्यायाची वाटते आणि विश्वास तिथेच तुटतो.

भाषेकडे जपून पाहावे. ‘डिप्रेशन’ म्हटले की पुष्कळ पुरुष दार लावून घेतात. ‘डोक्यात फार विचार चालतात’, ‘झोप लागत नाही’, ‘लहानसहान गोष्टींवर भडकतो’ ही वाक्ये मात्र सहज निघतात. झिंबाब्वेत शोना भाषेत याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. हरारेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी याच शब्दाला धरून ‘मैत्रीचा बाक’ उभा केला. तेथे प्रशिक्षण घेतलेल्या आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचे ऐकतात आणि एका अडचणीवर एक उपाय शोधायला मदत करतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग स्पष्ट दिसला. या कामाचा एक धागा आपल्याकडे पोचतो. तेथे वापरलेली शोना प्रश्नावली तयार करण्यात डॉ. विक्रम पटेल यांचा पुढाकार होता, आणि त्यांनीच पुढे गोव्यात ‘संगत’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर गावातल्या साध्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन ते काम उभे केले. पदवी नसलेला पण जवळचा माणूस नैराश्यावर खरी मदत करू शकतो, हे गोव्यात सिद्ध झालेले असल्यामुळे, लंडनमधल्या वरिष्ठांना पटवताना मी ते उदाहरण नेहमी देते.

आता माझी चूक. एका गटाच्या तिसऱ्या बैठकीला मी नऊ प्रश्नांचा छापील फॉर्म घेऊन गेले, कारण ज्या संस्थेसाठी मी काम करत होते तिला आकडे हवे होते. वर आरोग्यसेवेचे निळे बोधचिन्ह, खाली वंशाचा रकाना. अकरा जण हसतखेळत बोलत होते आणि कागद फिरताच खोली गप्प झाली. एका आजोबांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेले. ते परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून ब्रिटनला आलेल्या विंडरश पिढीच्या लोकांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवल्याचे प्रकरण २०१८ मध्ये उजेडात आले होते, तरी कागदाची धास्ती मला सुचली नाही. म्हणून सांगते की, नोंद करायचीच असेल तर किती लोक आले एवढीच करावी, नाव लिहू नये, आणि काय लिहिले जाते, कोण वाचते, कोणत्या प्रसंगी गुप्तता मोडावी लागेल, हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगावे. संस्थेला आणखी आकडे हवे असतील तर त्यासाठी आपण भांडावे, गटाने नव्हे.

संकटाची आखणी गट सुरू होण्यापूर्वीच तयार हवी. कोणी ‘आता जगून काय करायचे’ असे म्हणाला तर विषय बदलू नये. आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये. ११६ १२३ हा समारिटन्स या मन मोकळे करणाऱ्यांचे ऐकून घेणाऱ्या संस्थेचा मोफत क्रमांक आणि आरोग्यसेवेचा १११ लावून दुसरा पर्याय निवडल्यावर मिळणारी मानसिक संकटाची मदत, हे दोन्ही आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेले असावेत. जीव धोक्यात असेल तर ९९९ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावावाच लागतो. पण पोलीस येण्याची भीती मोठी असते, म्हणून फोनवर रुग्णवाहिका मागावी, माणूस शांत आहे आणि त्याच्याजवळ हत्यार नाही, हे खरे असेल तर स्पष्ट सांगावे, आणि गटातल्या एकाने त्याच्याबरोबर जावे. रुग्णालयात सक्तीने ठेवले गेल्यास स्वतंत्र पाठीराखा मागण्याचा त्याला कायद्याने हक्क असतो. ही गोष्ट त्याला आणि घरच्यांना शांत काळातच सांगून ठेवावी, कारण त्या रात्री कोणाला काही ऐकू येत नाही.

पुढची वाटही डोळ्यांखालून घातलेली असावी. इंग्लंडमध्ये बोलण्याच्या उपचारांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. नुसता क्रमांक हातात ठेवून पाठवू नये. पहिला फोन लावताना शेजारी बसावे, आणि कृष्णवर्णीय समुपदेशक मिळेल का, हे त्याच्या वतीने निःसंकोच विचारावे.

पहिल्या वर्षातच सूत्रे हस्तांतरित करण्याची तारीख ठरवावी. बैठक कधी, विषय कोणता, पैसा कशावर, हे वस्तीतल्या पुरुषांनीच ठरवावे आणि बँकेच्या खात्यावर सह्याही त्यांच्याच असाव्यात. आपण बोलावले तर जावे. एका कामाची जबाबदारी मात्र आपण स्वतःकडे ठेवावी. दिवसभर लोकांची दुःखे ऐकणाऱ्या कारागिरालाही रात्री झोप लागत नाही, म्हणून महिन्यातून एका सोमवारी, दुकानाची सुट्टी असते तेव्हा, त्याचे ऐकून घेणारा अनुभवी समुपदेशक त्याला मिळेल आणि त्याचे बिल आपल्या संस्थेकडे जाईल, याची लेखी व्यवस्था करून ठेवावी.